पुण्याचे नाक, शिरोडकरांचा टाका

बाळंतपणाची बातमी सांगताना मराठी घरांत ‘सिझर झालं’ हे शब्द इतक्या सहज तोंडी येतात की त्यातला पहिला शब्द परका आहे, हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: रोमचा ज्युलियस सीझर असा जन्मला, म्हणून. हे उत्तर टिकत नाही. त्या काळी पोट चिरून मूल काढले जाई ते आई गेल्यावर किंवा जायच्या बेतात असताना. आणि सीझरची आई ऑरेलिया तर मुलगा गॉलच्या मोहिमेवर गेला तेव्हाही हयात होती. शब्दाचे मूळ बहुधा ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. म्हणजे सामान्य माणसाला माणसाच्या नावाचे म्हणून जे एक ऑपरेशन ठाऊक आहे, ते मुळात माणसाच्या नावाचे नाहीच. तरीही लोकांनी त्याला एक माणूस चिकटवला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शस्त्रक्रिया म्हटली की ती पहिल्यांदा कुणीतरी केली असणार आणि तिला नाव त्याचेच मिळाले असणार, असे आपण गृहीत धरतो. शस्त्रक्रियांच्या नावांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. नाव पहिल्या हाताला क्वचितच मिळते. ज्याने ती कृती दुसऱ्या हातांना जमेल अशी कागदावर उतरवली, त्याला ते मिळते. हे पडताळून पाहायला फार दूर जावे लागत नाही. एक ऑपरेशन पेशवाईतल्या पुण्याजवळचे आहे आणि त्याला कुणाचेच नाव नाही. दुसरे मुंबईतले आहे आणि एका गोवेकर डॉक्टरांचे नाव घेऊन ते जगभर केले जाते.

1794 च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ‘बी. एल.’ एवढीच सही असलेले एक पत्र छापून आले. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूविरुद्धच्या लढाईत कैद झाला. टिपूच्या लोकांनी त्याचे नाक आणि एक हात कापला. पत्रात त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. मराठा शेतकऱ्याचे नाव कावसजी असणे नवलाचे आहे, तेव्हा इंग्रजी कानातून कागदावर येताना ते बदलले असण्याचा संभव मोठा. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. त्या माणसाबद्दल पत्र एवढेच सांगते की तो विटा करणाऱ्या जातीचा होता. पुढच्या लेखकांनी त्याला ‘पुण्याचा कुंभार’ म्हटले. कृतीचे वर्णन मात्र बारकाईने केलेले आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची, कारण नवी जागा धरेपर्यंत कातडीला रक्त तिथूनच मिळणार. मग ती कातडी पिळून खाली फिरवायची आणि थोटकाभोवती पाडलेल्या चिरेत तिची कड बसवायची. टाके नाहीतच. विड्यात घालतो तो कात पाण्यात मऊ करायचा, कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकीवर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावायचे. भुवयांमधला दुवा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायचा. मेण, कात आणि तूप या तिन्ही वस्तू कुठल्याही वाड्यात सापडणाऱ्या. असामान्य होते ते जोडलेल्या पट्टीमागचे ज्ञान. मांस जिवंत ठेवायचे असेल तर त्याचा रक्ताशी संबंध तुटता कामा नये आणि नव्या जागी रुजल्यावर तो तोडला तरी चालतो, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते.

आता या पत्रात नावे कुणाची आहेत ते पाहू. रुग्णाचे आहे. ऑपरेशन होताना पाहिलेल्या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांची आहेत. पुण्यात येऊन सवाई माधवरावांचे आणि नाना फडणविसांचे चित्र काढणारा जेम्स वेल्स हाच या रुग्णाचाही चित्रकार, त्यामुळे चित्रावर त्याचे नाव आहे. ज्याने नाक केले त्याचे तेवढे नाही. पत्र वाचून लंडनचा सर्जन जोसेफ कार्प्यू कामाला लागला. त्याने ही कृती बरीच वर्षे मृतदेहांवर करून पाहिली आणि 1814 मध्ये पहिल्यांदा जिवंत माणसावर केली. भूल देण्याची सोय यायला अजून 32 वर्षे होती. 1816 मध्ये त्याने आपल्या दोन यशस्वी ऑपरेशनांवर पुस्तक छापले. 1818 मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेने ‘र्‍हायनोप्लास्टिक’ नावाचे पुस्तक काढले आणि नाक घडवण्याच्या शस्त्रक्रियेला आजचे नाव त्यातून मिळाले. कपाळावरच्या कातडीच्या पद्धतीला युरोपने ‘भारतीय पद्धत’ म्हटले. नाव एका देशाला गेले आणि माणूस गळून पडला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हा कंपनी सरकारच्या काळातला नेहमीचा अन्याय नाही का? काळ्या कारागिराचे नाव विचारावे असे गोऱ्या साक्षीदारांना वाटलेच नाही. यात लिहिण्या-न लिहिण्याचा संबंध काय? अन्याय होता, हे मान्यच करायला हवे. दोघा डॉक्टरांची नावे नोंदवणाऱ्या लेखणीला तिसरे नाव विचारायला चार क्षण पुरले असते. तरी सगळा उलगडा तेवढ्याने होत नाही, कारण हीच गोष्ट इटलीत, इटालियन माणसांच्या बाबतीत आधीच घडून गेली होती. सिसिलीतल्या कॅटेनियाचे ब्रांका पितापुत्र पंधराव्या शतकात नाके दुरुस्त करत. मुलगा अंतोनिओ दंडाची कातडी नाकाला जोडून हात डोक्याशी बांधून ठेवी. विद्या घरातच ठेवलेली, पुस्तक लिहिलेले नाही. त्यानंतर कॅलाब्रियातले व्हियानेओ घराणे हेच काम तसेच घरच्या घरी करत आले. मग 1597 मध्ये बोलोन्याचा प्राध्यापक गास्पारे टॅग्लियाकोझी याने दंडाच्या कातडीच्या पद्धतीवर सचित्र ग्रंथ छापला आणि इंग्रजी वैद्यकात ते ऑपरेशन ‘टॅग्लियाकोशियन’ झाले. ब्रांका गोरे होते, ख्रिस्ती होते, त्यांची कीर्तीही दूरवर पोचली होती. तरी नाव शंभरएक वर्षांनी आलेल्या लेखकाला मिळाले. पुण्याच्या कारागिराचे नाव दोन ठिकाणी हरवले: एकदा परक्याच्या कागदावर, आणि एकदा आपल्याच व्यवस्थेत, जिथे हातातली विद्या बापाकडून मुलाकडे जाई, पण तिला ग्रंथात जागा नसे. दुसरी हानी आपली आहे. इंग्रजांवर बोट ठेवताना ती झाकली जाऊ नये असे मला वाटते.

मग सुश्रुताचे नाव द्या, असे अनेकजण सुचवतात, आणि भारतीय प्लास्टिक सर्जरीच्या व्याख्यानांत ते सर्रास दिलेही जाते. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहे, यात शंकाच नाही. वेलीच्या पानाने नाकाचे माप घ्यावे असेही तिथे सांगितले आहे. पण त्या मापाची कातडी घ्यायची ती गालाची. पुण्याजवळच्या माणसाने ती कपाळाची घेतली. हा फरक किरकोळ नाही. कपाळाची कातडी जाड, रंगाने नाकाला जुळणारी आणि रक्ताने समृद्ध. तिचा व्रण केसांच्या रेषेखाली बराचसा मिसळून जातो. गालाकडून कपाळाकडे येताना कुणीतरी, कदाचित कित्येक पिढ्यांनी मिळून, पाहिले, चुकले आणि सुधारले असणार. ते श्रेय सुश्रुताला देणे म्हणजे त्या अनामिकाला दुसऱ्यांदा पुसणे.

माणसांची नावे ऑपरेशनांना सर्रास लागू लागली ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी फोडता येण्याजोगे गळू, कापता येण्याजोगा पाय आणि काढता येण्याजोगा मुतखडा एवढाच सर्जनचा प्रांत होता आणि नावे रोगाचीच चालत. 1846 मध्ये बॉस्टनला ईथरची भूल जाहीरपणे दाखवली गेली, 1867 मध्ये जोसेफ लिस्टरने जंतुनाशक पद्धत मांडली, आणि पोट उघडून शांतपणे काम करणे शक्य झाले. एकेका अवयवावर चार-पाच तऱ्हेची ऑपरेशने निघाली. ‘जठराचे ऑपरेशन’ म्हणून भागेना. व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथचे उदाहरण बोलके आहे. जठराच्या खालच्या टोकाचा कर्करोग कापून काढण्याचा प्रयत्न 1879 मध्ये फ्रान्सच्या पेआँने आणि 1880 मध्ये पोलंडच्या रिडिगिएरने केला होता. दोघांचेही रुग्ण दगावले. 1881 च्या जानेवारीत बिलरोथची रुग्ण ऑपरेशनमधून वाचली, आणि ‘बिलरोथ एक’, ‘बिलरोथ दोन’ हे शब्द आजही सर्जरीचे विद्यार्थी घोकतात. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगावरचे अवघड ऑपरेशन आज कर्करोग रुग्णालयांत नुसते ‘व्हिपल’ म्हणून ओळखले जाते. नातेवाईकही ‘व्हिपल केलंय’ असेच सांगतात. न्यूयॉर्कच्या अॅलन व्हिपलने ते 1935 मध्ये प्रसिद्ध केले. पण इटलीत कोदिव्हिल्लाने 1898 मध्ये आणि बर्लिनच्या काउशने 1909 मध्ये त्याच जातीची ऑपरेशने केली होती, आणि काउशने ती छापलीही होती. तरी नाव व्हिपलचे झाले, कारण त्याने ते एकदा करून सोडले नाही. टप्पे बदलत, सुधारत, पुढची कित्येक वर्षे ते शिकवत राहिला. तेव्हा ‘लिहिणे’ हा शब्द मी थोडा रुंद अर्थाने वापरतो आहे: कागदावर उतरवणे आणि दुसऱ्यांच्या हातांत उतरवणे, दोन्ही त्यात येतात.

याचा सर्वांत लख्ख दाखला विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा. जन्म 1899, गोव्यातल्या शिरोड्याचा. शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, पुढे विलायतेत. मग मुंबईतच प्रसूतिशास्त्राचे अध्यापन आणि काम. त्यांच्यापुढचा प्रश्न जुना आणि फार दुःखाचा होता. काही बायकांना दिवस राहत, तीन महिने सुरळीत जात, आणि चौथ्या-पाचव्या-सहाव्या महिन्यात, धड कळाही न येता, पिशवीचे तोंड आपोआप उघडून मूल निघून जाई. एकदा, दोनदा, पाचदा. अशा बाईला घरोघरी काय ऐकावे लागे हे मराठी वाचकाला सांगायला नको. डॉक्टरांकडे उपाय म्हणजे मुख्यतः झोपून राहणे. शिरोडकरांनी या सगळ्या गर्भपातांतून एक गट वेगळा काढला: इथे गर्भात दोष नाही, आईच्या रक्तातही नाही, दोष पिशवीच्या तोंडाच्या आतल्या कडेच्या ताकदीत आहे. दोष यांत्रिक असेल तर उपायही यांत्रिक हवा. 1950 मध्ये शिकागोच्या लॅश यांनी अशा बायकांच्या पिशवीच्या तोंडाची दुरुस्ती गर्भ नसताना केली होती. शिरोडकरांचे धाडस हे की त्यांनी गरोदरपणातच हात घातला. योनीची त्वचा उघडून, मूत्राशय वर सरकवून, आतल्या कडेच्या उंचीवर त्यांनी तोंडाभोवती एक पट्टी आवळली. पट्टी रुग्णाच्याच मांडीच्या स्नायूवरच्या चिवट पांढऱ्या पडद्याची. पुढे तिची जागा न विरघळणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या पट्टीने घेतली. दिवस भरेपर्यंत दार बंद राहते, मग पट्टी सोडायची किंवा सिझर करायचे.

हे त्यांनी प्रसिद्ध केले ते 1955 मध्ये, मद्रासहून निघणाऱ्या ‘द अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात. लंडन किंवा बॉस्टनचे बडे जर्नल नव्हे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण ‘नावे फक्त पाश्चात्त्यांच्या मासिकांत छापणाऱ्यांनाच मिळतात’ या समजाला ते छेद देते. दोनच वर्षांनी, 1957 मध्ये, मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्डने त्याच कामाची सोपी रीत छापली: काही उघडायचे नाही, बटव्याच्या ओढदोरीसारखा टाका तोंडाभोवती फिरवायचा आणि आवळायचा. आज मॅकडोनाल्डचा टाका जास्त घातला जातो, कारण तो सोपा आहे आणि बऱ्याच रुग्णांना पुरतो. पण दोन्ही नावे टिकून आहेत आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. डॉक्टरने केसपेपरवर ‘शिरोडकर’ लिहिले की पुढच्या डॉक्टरला कळते: टाका वर आहे, त्वचेखाली आहे, काढताना नुसती कात्री लावून भागणार नाही. एका आडनावात एवढी माहिती मावते. आणि ते आडनावही गावावरून आलेले. शिकागोच्या किंवा लंडनच्या प्रसूतिगृहात कुणी ‘शिरोडकर’ म्हणते तेव्हा नकळत फोंड्याजवळच्या शिरोड्याचे नाव उच्चारले जाते, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पण लिहिणे ही एकच अट पुरेशी नाही, हेही सांगायला हवे. जुनागढचे डॉक्टर त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी 1889 मध्ये नाकाच्या शंभर ऑपरेशनांचा वृत्तांत छापला. दरोडेखोरांनी कापलेली नाके ते कपाळाच्या कातडीनेच नव्याने उभी करत. कार्प्यूच्या दोन रुग्णांपुढे शंभर! तरी ऑपरेशनला त्यांचे नाव लागले नाही, कारण तोवर त्या पद्धतीला नाव मिळून चुकले होते आणि मिळालेले नाव सहसा हलत नाही. याउलट कधीकधी नाव अशा माणसाला मिळत नाही ज्याच्या हातून सगळे घडले, कारण लिहिण्याची लेखणीच त्याच्या हाती दिली गेली नाही. 29 नोव्हेंबर 1944 रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अल्फ्रेड ब्लालॉक यांनी हृदयाच्या जन्मजात दोषाने निळ्या पडलेल्या पंधरा महिन्यांच्या मुलीच्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडली. कल्पना बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांची. प्रयोगशाळेत ही जोडणी करून करून बसवली ती व्हिव्हियन थॉमस यांनी. कृष्णवर्णीय, कॉलेजचे शिक्षण पैशांअभावी राहिलेले, सुतारकाम शिकलेले. ऑपरेशनच्या वेळी ते ब्लालॉक यांच्या मागे चौरंगावर उभे राहून टाका कुठे घ्यायचा ते सांगत होते. 1945 मध्ये छापून आलेल्या लेखावर नावे दोनच: ब्लालॉक आणि टॉसिग. म्हणून जगभर ‘ब्लालॉक–टॉसिग शंट’ झाला. थॉमस यांना 1976 मध्ये त्याच विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. आणि अलीकडच्या वैद्यकीय लेखांत ‘ब्लालॉक–थॉमस–टॉसिग’ असे लिहिण्याची रीत रुळली आहे. लागलेले नाव हलत नाही, या माझ्याच विधानाला हा अपवाद आहे, आणि तो घडला तो थॉमस यांची हकीकत कुणीतरी नीट नोंदवून ठेवली म्हणून.

यावर आजचे पुष्कळ सर्जन म्हणतील, हा सगळा वाद नावांमुळेच. ती टाकून द्या. ऑपरेशनला त्यात काय करतात त्यावरून नाव द्या. त्यांच्या बाजूने दोन भक्कम पुरावे आहेत. पादुआच्या एदोआर्दो बासिनीने 1887 मध्ये हर्नियाची दुरुस्ती मांडली. तिचा गाभा म्हणजे मांडीच्या सांध्यापाशी पोटाच्या भिंतीचा सर्वांत आतला थर उघडून तीन थर एकत्र शिवणे. अमेरिकेत जाताजाता तो आतला थर उघडण्याचा टप्पाच गळला. तरी नाव बासिनीचेच चालले, आणि हर्निया पुन्हा होऊ लागले तेव्हा दोषही बासिनीलाच आला. दुसरा पुरावा जास्त वेदनेचा. बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेडने 1894 मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकत्र काढण्याची पद्धत मांडली. हॉल्स्टेड फार मोठा सर्जन होता, त्यामुळे त्याचे ऑपरेशन पाऊण शतक कुणी प्रश्नांकित करू धजेना. 1971 मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या चाचणीने एवढी कापाकापी केली नाही तरी जगण्याचे प्रमाण तेच राहते हे दाखवले. नावाने कृतीला वजन दिले आणि त्या वजनाखाली असंख्य बायकांनी गरजेपेक्षा जास्त सोसले.

हे पुरावे मी नाकारत नाही. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मला वेगळा वाटतो. बासिनीचे ऑपरेशन बिघडले ते त्याचे नाव ठेवून त्याचा मजकूर वाचायचे सोडले म्हणून. मूळ लेख होता म्हणूनच तर बिघाड नंतर सापडला: तुम्ही ज्याला बासिनी म्हणता ते बासिनीने सांगितलेले नाही, असे बोट ठेवून दाखवता आले. हॉल्स्टेडलाही त्याच्या नावानिशी खोटे पाडता आले. नाव म्हणजे एका अर्थी खतावरची सही. दावा कुणाचा आहे आणि तो कुठे तपासायचा, हे तिच्यावरून कळते. सही नसलेल्या दाव्याला जाब विचारता येत नाही. त्याला दादही देता येत नाही, आणि पुण्याच्या बाबतीत आपण नेमके इथेच अडकून आहोत.

कपाळाच्या कातडीचे ते ऑपरेशन संपलेले नाही. नाकावरचा त्वचेचा कर्करोग काढल्यावर मोठी पोकळी भरायची असेल तर आजही प्लास्टिक सर्जन पहिल्यांदा त्याचाच विचार करतात. वैद्यकीय पुस्तकांत त्याचे नाव ‘पॅरामिडियन फोरहेड फ्लॅप’, म्हणजे ज्या जागेवरून कातडी उचलायची तिचे वर्णन. माणूस त्यात नाही. भुवईच्या आतल्या टोकाशी कपाळावर चढणारी रोहिणी कोणती, तिचे नाव आता माहीत आहे; पट्टी नेमकी तिच्यावर आखली जाते. मेणाच्या पत्र्याऐवजी टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाची चंदेरी फॉइल नाकावर दाबून, कापून, सपाट करून कपाळावर ठेवतात आणि पेनने भोवती रेघ ओढतात. कात नाही, टाके आहेत. दुवा मात्र तसाच ठेवतात, आणि साधारण तीन आठवडे झाले की रुग्णाला परत बोलावून तो कापतात.